काठावरचे दोन मार्क

आप्पांनी रविवारी अकराला सगळ्यांना बोलावलं होतं आणि मेट्रन पावणेअकरालाच जिना चढून वर आली होती. हे नाव तिला दादानं पाडलेलं. ज्या वर्षी ती इस्पितळात मेट्रन झाली, त्या वर्षी त्यानं घरात जाहीर करून टाकलं, की आता हिला नावानं हाक मारायची नाही, नाहीतर ही आपल्या सगळ्यांना पलंगावरच्या चादरी बदलायला लावील. थट्टा तेव्हाच संपली, नाव मात्र चिकटलं. आता आप्पासुद्धा तिला मेट्रनच म्हणत.

भिंगरी तिच्याही आधी आली होती. दादाची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी पाच मिनिटं एका जागी बसली तर शपथ. आज मात्र आजोबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती, आणि समोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता. दोघांचं काहीतरी शिजलेलं आहे, हे मेट्रनच्या एका नजरेत लक्षात आलं. वॉर्डात दोन पेशंट एकदम गप्प झाले की तिला कळायचं, कुणीतरी पथ्य मोडलंय म्हणून. तसंच.

"आत्या, तू माझ्या बाजूनं आहेस ना?" भिंगरीनं विचारलं.

"आधी बाजू कुठल्या कुठल्या आहेत ते तरी सांग."

"दोनच आहेत. मेडिसिन आणि मेडिसिन सोडून काहीही."

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत भिंगरीचा क्रमांक इतका वर आला होता, की मागेल तो विषय आणि मागेल ते कॉलेज मिळालं असतं. पसंतीची यादी भरायची आणि आज संध्याकाळी पाचच्या आत लॉक करायची. एकदा लॉक झाली की तिच्यात काना-मात्रेचाही फरक होणार नव्हता. आणि यादीत पहिल्या ओळीवर तिनं मेडिसिन लिहिलं होतं, तेही आप्पांच्या कॉलेजातलं.

आप्पांनी तिथे एकतीस वर्षं मेडिसिन शिकवलं. चिरफाड न करता, पेशंटचं ऐकून, त्याला नीट बघून, हात लावून आणि मग डोकं चालवून आतलं दुखणं ओळखायचं, हा त्यांचा विषय. गावातले निम्मे फिजिशियन त्यांच्या हाताखालून गेलेले. पन्नाशी उलटलेले, स्वतःची इस्पितळं असलेले डॉक्टरसुद्धा आप्पा दिसले की खुर्ची सोडून उभे राहत. ब्याऐंशी वर्षांचे आप्पा अजूनही कुणी हस्तांदोलन केलं, तर त्याचा हात सोडायच्या आधी नखं बघून घेत.

दादा आणि वहिनी अकराला पाच कमी असताना आले. दादा चपला काढता काढताच लॅपटॉपकडे बघून थबकला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं पहिली ओळ वाचली आणि चष्मा परत खाली घेतला.

"हे कधी ठरलं?"

"ठरलं नाहीये, बाबा. ठरवायलाच जमलोय."

"मला तर छापून आल्यासारखं दिसतंय."

वहिनी शाळेत गणित शिकवायची. कुठलाही प्रश्न फळ्यावर मांडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती टेबलापाशी बसली आणि बोटांवर मोजत म्हणाली, "हे बघ, तीन वर्षं मेडिसिनची. त्यात छत्तीस-छत्तीस तास उभं राहायचं. मग पुढे आणखी तीन वर्षं, कारण नुसत्या मेडिसिनला आता कुणी विचारत नाही. म्हणजे तू एकतिशीला पोचलीस. त्यापेक्षा त्वचारोग घे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. पुरळ उठलं म्हणून मध्यरात्री कुणी दार वाजवत नाही."

"आई, मला पुरळात रस नाहीये."

"पुरळाला तरी तुझ्यात कुठे आहे? नोकरी आहे ती."

मेट्रनला हसू आलं. आप्पाही किंचित हसले. दादा तेवढा हसला नाही. तो खिडकीपाशी उभा राहिला आणि तिथूनच, रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्वचारोग घे, नाहीतर क्ष-किरण घे, नाहीतर भूल द्यायचं शिक. मेडिसिन सोडून काहीही."

"का पण?"

"मी सांगतोय म्हणून."

"बाबा, मी पहिलीतली आहे का? कारण सांग."

"कारण नाही."

"आहे कारण," भिंगरी उसळून म्हणाली. "तू नापास झालास, म्हणून मीही होईन असं वाटतंय तुला."

या घरात सत्तावीस वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. दादाच्या शिक्षणाचा विषय निघालाच, तर 'त्यानं मेडिसिन सोडलं' असं म्हणायची पद्धत होती. जणू सिगरेट सोडावी तसं. आई होती तोवर तिनं ती पद्धत पाळली, आणि आई गेल्यावर बाकीच्यांनी. भिंगरीला हे कुठून कळलं कोण जाणे. बोलून गेल्यावर तिचाच चेहरा कानकोंडा झाला.

"तसं नाही म्हणायचं मला, बाबा."

"म्हणालीस ते बरोबर आहे. झालो होतो मी नापास."

"ती होणार नाही," आप्पा म्हणाले. त्यांना सावरून घ्यायचं होतं, पण आवाज निघाला तो वर्गात निघायचा तसाच. "मी आहे ना. रोज संध्याकाळी इथे येईल, केस माझ्यासमोर मांडील. कुणाची बिशाद आहे तिला..."

"तुम्ही तेव्हाही होतातच की, आप्पा."

दादाचा आवाज चढला नव्हता. तो एका कारखान्याचा डॉक्टर होता. तिथे कामगाराच्या डोळ्यातला कण काढताना 'हलू नका' म्हणायचा, तितक्याच हळू तो हे बोलला. मेट्रनच्या हातातला कप बशीवर कललेला होता. तिनं तो जपून खाली ठेवला.

"काय म्हणायचंय तुला?" आप्पांनी विचारलं.

"दोन मार्क कमी पडत होते मला. द्यायचे का, म्हणून विचारलं होतं ना परीक्षकांनी तुम्हाला?"

आप्पांची मान सावकाश मेट्रनकडे वळली. त्या बघण्याचा अर्थ तिला पुरता कळला.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "देवाशपथ नाही, आप्पा."

"म्हणजे?" भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. "आत्या, तुला माहीत होतं?"

वहिनीनं आळीपाळीनं तिघांकडे पाहिलं. "मला कुणी सांगणार आहे का, काय चाललंय ते? पंचवीस वर्षं झाली मला या घरात येऊन."

दादा खिडकीपासून वळला. सांगितलं ते त्यानंच, आणि चारसहा वाक्यांत. मेडिसिनच्या एमडीची प्रात्यक्षिक परीक्षा. मुलगा परीक्षेला बसतोय म्हणून विभागप्रमुख असूनही आप्पांनी परीक्षक म्हणून स्वतःचं नाव काढून घेतलेलं. चार परीक्षक दुसरे, त्यातले जे सर्वांत ज्येष्ठ ते आप्पांचे जुने सहाध्यायी. परीक्षा संपल्यावर ते आप्पांच्या खोलीत आले आणि म्हणाले, पोरगा काठावर आहे, दोन मार्कांचा प्रश्न आहे, देऊन टाकू का? आप्पांनी त्यांना विचारलं, दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर दिले असते का? ते म्हणाले, दिले असते. आप्पा म्हणाले, तरी याला देऊ नका.

"तुला कुणी सांगितलं हे?" आप्पांचा आवाज खोल गेला होता.

"त्यांनीच. अकरा वर्षं झाली. एका कामगाराला घेऊन मी मोठ्या इस्पितळात गेलो होतो, तिथे व्हरांड्यात भेटले. ओळख दिली तर माझा हात धरून रडायला लागले. लोक बघायला लागले, म्हणून मीच त्यांना चहाला घेऊन गेलो."

"अकरा वर्षं तू मला एका शब्दानं..." वहिनीचं वाक्य पुरं झालं नाही.

"तुला सांगून काय करायचं होतं? तू आप्पांशी बोलायची बंद झाली असतीस. पोरीला आजोबा पारखे झाले असते."

भिंगरीची खुर्ची आजोबांच्या खुर्चीला लागून होती. ती उठली आणि जाऊन आईच्या मागे उभी राहिली. आप्पांनी ते पाहिलं. क्षणभर ते रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मग ताठ झाले.

"ऐका. मला जे वाटलं ते मी केलं. माझा मुलगा माझ्या विभागात काठावर पास झाला असता, तर जन्मभर लोक म्हणाले असते, बापानं केला. त्याला कुणी डॉक्टर मानलं नसतं. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. चांगले चांगले लोक दुसऱ्यांदा बसून पास होतात. मी वाट बघत होतो. त्यानं परत यायला हवं होतं."

"फॉर्म भरला होता मी."

"भरला होतास? मग?"

"मग गेलो. वॉर्डाच्या व्हरांड्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो. आईला सांगितलं, पोट दुखतंय." दादा खुर्चीत बसला. "पुढच्या महिन्यात कारखान्यातली जागा निघाली."

आप्पा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मास्तर माणसाला चूक दाखवल्याशिवाय राहवत नाही. आणि खरं म्हणजे आपली बाजू मांडायला त्यांच्याजवळ दुसरं काही उरलंही नव्हतं.

"पण केस तू चुकलासच ना? ती बाई... इस्त्रीचं काम करणारी. तीन आठवड्यांचा ताप, धाप. हृदयाची झडप खराब आहे, हे तू सांगितलंस, ते कुणीही सांगितलं असतं. त्या झडपेवर जंतू बसले आहेत, हे तुला सांगता आलं नाही. बोटांवर लिहिलेलं होतं ते. पहिल्या वर्षापासून सांगत आलो, आधी हात बघा. तू तिची बोटंच बघितली नाहीस."

सत्तावीस वर्षांनंतरही त्यांना ती केस तोंडपाठ होती. मेट्रनलाही होती.

त्या सकाळी ती वीस वर्षांची होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थिनींना एकेका केसजवळ उभं करत. पडदा धरायचा, उशी सारखी करायची, तोंड उघडायचं नाही. दादाच्या वाट्याला आलेल्या केसजवळ तीच होती. एक मोठी केस देत आणि ती तपासायला परीक्षार्थीला तासभर एकट्याला सोडत. त्या तासात दादानं त्या बाईला नीट तपासलं. छाती ऐकली, पोट बघितलं. मग तिचा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. नखांखाली बारीक तांबडे ओरखडे होते. बोटांच्या टोकांना टाचणीच्या डोक्यापेक्षा थोड्या मोठ्या गाठी होत्या. त्यानं एक हलकेच दाबली, तशी बाई कळवळली. "इस्त्रीचा चटका बसला होता का?" त्यानं विचारलं. "नाही हो, आपोआपच दुखतात. आठ दिवस झाले," बाई म्हणाली. दादानं 'माफ करा' म्हटलं, तिचा हात अलगद पांघरुणावर ठेवला आणि पलंगापलीकडे बहिणीकडे बघून किंचित हसला. त्याला सापडलं होतं. त्या हसण्याचा दुसरा काही अर्थच नव्हता.

परीक्षक आले तेव्हा सिस्टरनं तिला गरम पाण्यासाठी खाली पिटाळलं. दादा काय बोलला ते तिनं ऐकलं नाही.

संध्याकाळी ती आप्पांच्या खोलीत चहा घेऊन गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "बोटांबद्दल चकार शब्द काढला नाही रे त्यानं. तेवढ्यावर अडलंय." मग ते दोन मार्क, मग तो प्रश्न, मग आप्पांचं उत्तर. निकालाच्या कागदावर अजून सह्या व्हायच्या होत्या. दार ढकलून एवढंच म्हणायचं होतं, त्याला सापडलं होतं, मी तिथेच होते. ती ट्रे धरून उभी राहिली. चहावर साय आली. मग परीक्षकांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ती तशीच मागे फिरली. वळताना दाराच्या फटीतून आप्पांची नजर तिच्यावर पडली होती, पण त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

का उभी राहिली, याची बरीच उत्तरं तिनं पुढे तयार केली. विद्यार्थिनीनं परीक्षेत बोलायचं नसतं. आप्पांपुढे कोण बोलणार. कुणी विश्वास ठेवला नसता. सगळी खरी होती आणि सगळ्यांच्या खाली आणखी एक होतं. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क थोडे कमी पडले, तेव्हा आप्पा जेवता जेवता म्हणाले, "नर्सिंग कर," आणि दादाच्या पुस्तकांविषयी बोलायला लागले. दादाच्या परीक्षेआधी महिनाभर घर चवड्यांवर चालत होतं. तिची स्वतःची परीक्षा आदल्या आठवड्यात झाली होती. कशी गेली, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बघितली होती," ती म्हणाली.

"काय?"

"बोटं. दादानं बोटं बघितली होती, आप्पा. नखं उजेडात धरून बघितली. गाठी दाबल्या. इस्त्रीचा चटका आहे का, म्हणून विचारलंसुद्धा. मी पलंगापलीकडेच उभी होते."

आप्पांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादा खाली मान घालून चष्म्याची काच शर्टाला पुसत होता.

"खरं आहे हे?"

"हो."

"तुला कळलं होतं? जंतुसंसर्ग आहे हे?"

"कळलं होतं."

"अरे, मग बोलला का नाहीस?" आप्पा जवळजवळ ओरडले. "एवढं हातात असताना गप्प का बसलास तू?"

दादानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही आला होतात."

"मी?"

"वॉर्डाच्या दारात. मी बोलायला सुरुवात केली आणि बघितलं, तर तुम्ही दारात."

"पण मी तर... मला खोलीत बसवेना. पाचच मिनिटं आलो होतो. तुला दिसू नये म्हणून दारातल्या पडद्यामागे उभा राहिलो. तुला कसं..."

"पडद्याखाली तुमचे बूट दिसत होते, आप्पा."

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"चुकलो तर तुम्हाला तिथेच ऐकू जाईल, असं मनात आलं," दादा म्हणाला. "मग जीभच वळेना. घशाला अशी कोरड पडली... झडपेचं सांगून झालं होतं, तेवढंच राहिलं. ते विचारत होते, आणखी काही? आणखी काही? मी नाही म्हणालो."

आप्पा उठायला गेले आणि परत बसले. जन्मभर दुसऱ्यांची छाती ऐकलेला माणूस आपल्याच छातीवर पंजा दाबून बसला. मेट्रन चटकन पुढे झाली, तिनं त्यांची नाडी धरली. नाडी जलद होती, पण ठीक होती.

"काही झालेलं नाही मला," आप्पा म्हणाले. "सोड." आणि मग, कुणाकडेच न बघता, "माझं चुकलं."

दादानं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. "हे तेव्हा म्हणाला असतात ना आप्पा, त्याच आठवड्यात, तर मी पुन्हा बसलो असतो. एवढंच हवं होतं. मार्क नको होते मला."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मेट्रन तिच्यामागे गेली. वहिनी ओट्याला टेकून उभी होती, डोळे कोरडे होते. "मला वाटायचं, याला कारखाना आवडतो," ती म्हणाली. "चौदाशे माणसं नावानं ओळखतात. कुणाचं काय दुखतं हे याला चालण्यावरून कळतं. सणकीत एकदा मी म्हणालेसुद्धा, तुम्हाला महत्त्वाकांक्षाच नाही. मेट्रन, तू तरी सांगायचंस मला."

"सांगायला हवं होतं," मेट्रन म्हणाली. "तुलाच नाही. सगळ्यांनाच."

"आवडतो गं मला कारखाना," दारातून दादाचा आवाज आला. तो पाण्याचा पेला घ्यायला आला होता. "ते खोटं नाही. दोन्ही खरं असतं." त्यानं पेला भरला आणि आप्पांकडे घेऊन गेला.

जेवणं झाली ती नावापुरती. तीन वाजले तरी लॅपटॉपकडे कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी आप्पांनीच भिंगरीला हाक मारली. ती आली, पण मघाच्या खुर्चीत बसली नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली.

"तुला अजून मेडिसिनच करायचंय?"

"हो." मग जरा थांबून, "पण आता तुमच्यासाठी नाही, आजोबा."

"तसंच हवं. मग माझं कॉलेज खाली घे."

"का?"

"तिथल्या सेमिनार हॉलच्या दारावर माझं नाव आहे. शिकवणारे सगळे माझे विद्यार्थी. तू बरोबर बोललीस तर म्हणतील, आजोबांचं रक्त. चुकलीस तर काहीच म्हणणार नाहीत, ते जास्त वाईट. लांबचं घे. मला जिथे कुणी ओळखत नाही असं."

सकाळी अकरा वाजेपर्यंत हा माणूस नात आपल्या कॉलेजात येणार म्हणून जुन्या नोट्सची खोकी पुसून बसला होता. आतल्या खोलीत ती खोकी ओळीनं मांडलेली मेट्रननं येतानाच पाहिली होती. भिंगरीनंही पाहिली असणार. तिनं आजोबांकडे जरा वेळ बघितलं आणि बाण दाबत आप्पांचं कॉलेज एकेक ओळ खाली नेलं. रेल्वेनं चौदा तासांवरचं एक कॉलेज वर आलं.

मग तिनं वडिलांकडे बघितलं. "बाबा?"

दादा बराच वेळ पडद्यावरची ओळ वाचत राहिला. "मेडिसिन राहू दे," तो म्हणाला. "मला भीती तुझी नव्हती. उद्या तुझ्या परीक्षेला मीच दारात येऊन उभा राहीन, याची होती."

"मग नको येऊस."

"नाही येणार. आणि तोंडीला घसा सुकला तर सरळ पाणी माग. कुणी नाही म्हणत नाही. मी मागितलं नाही."

वहिनीनं क्रमांक एकदा पडताळून बघितले, सवयीनं. चार वाजून दहा मिनिटांनी भिंगरीनं यादी लॉक केली. टाळ्या वाजल्या नाहीत, कुणी पेढे आणायची भाषा केली नाही. आप्पांनी हात पुढे केला, तेव्हा तिनं तो धरला. या वेळी त्यांनी नखं बघितली नाहीत.

भिंगरी आणि वहिनी आप्पांना औषधं देईपर्यंत थांबल्या. मेट्रन आणि दादा खाली उतरले. फाटकापाशी दादाची गाडी लागलेली होती. तो तिला टेकून उभा राहिला. पन्नाशीतच त्याचे खांदे आप्पांसारखे पुढे आले होते, हे तिच्या आजच लक्षात आलं.

"दादा, मी बोलले असते तर..."

"वीस वर्षांची होतीस तू."

"म्हणून नाही गप्प बसले." तिनं ठरवलं होतं, आज सांगायचंच. "ते दोन मार्कांचं बोलणं मी आप्पांच्या दाराबाहेर उभी राहून ऐकलं. तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं. तू नापास होतोयस म्हणून. थोडंसंच. पण वाटलं होतं."

दादानं तिच्याकडे बघितलं नाही. गाडीच्या टपावरची धूळ बोटानं पुसत राहिला. ती वाट बघत होती, तो चिडेल, किंवा नेहमीसारखी थट्टा करून सोडून देईल. त्यानं दोन्ही केलं नाही.

"आज आणखी नको, मेट्रन," तो म्हणाला. "नंतर कधीतरी. आज मावत नाही."

"बरं."

जिन्यावरून वहिनीचा आणि भिंगरीचा बोलण्याचा आवाज यायला लागला. आप्पांच्या गोळ्यांच्या वेळेवरून काहीतरी चाललं होतं. दादानं खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि हात दारावरच ठेवून थांबला.

"त्या बाईचं पुढे काय झालं गं?"

"बरी झाली. सहा आठवडे इंजेक्शनं घेतली, मग घरी गेली. माझी ड्यूटी त्याच वॉर्डात होती."

"मी कधी विचारलंच नाही. ती आपली केसच राहिली." तो जरा घुटमळला. "मी तपासलं होतं हे आठवत होतं तिला?"

"जायच्या दिवशी तिनंच विषय काढला. म्हणाली, ते घाबरलेले डॉक्टर होते ना, बोट दाबल्यावर ज्यांनी माफी मागितली, त्यांची परीक्षा होती म्हणे. पास झाले का ते?"

"मग काय सांगितलंस?"

"झाले म्हणून सांगितलं."

दादा गाडीत बसला. काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिला. बायको-मुलगी येऊन मागे बसल्या, दारं लागली, तरी त्यानं गाडी सुरू केली नाही.

"खूश झाली का?" त्यानं विचारलं.

"खूप," मेट्रन म्हणाली.